पेटीतली पाण्याची वाटी

बनसोडे मॅडमच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो एप्रिल महिना होता आणि नळाला बरेच दिवस पाणी आलेलं नव्हतं. मोरीतलं पिंप तळाला गेलं होतं. मी दारातून आत शिरलो तेव्हा बाई स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन येत होत्या. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी विचारायची रीत आहेच, म्हणून मी हात पुढे केला. त्या मला वळसा घालून भिंतीजवळच्या एका काळ्या पेटीपाशी गेल्या. तिचं अर्धगोल झाकण उचलून त्यांनी वाटी अलगद आत ठेवली, झाकण लावलं, वर एक ओलं फडकं पसरलं आणि मग म्हणाल्या, "बसा की सर. तुम्हालाही देते."

सोलापूरच्या उन्हाळ्यात माणसाच्या आधी पेटीला पाणी देणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. पुढे बरीच वर्षं पाहत राहिलो.

आम्ही एकाच कॉलेजात शिकवायचो. त्या इतिहास, मी रसायनशास्त्र. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती आणि दोघांच्याही मधल्या सुट्ट्या भांडणात जायच्या. बाई अंगानं लहानखुऱ्या, पण आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या पेंगणाऱ्या पोराला दोनदा हाक मारावी लागत नसे. सुती साडी, जाड फ्रेमचा चष्मा, आणि तोंडात कायम एक शब्द : "पुरावा?" पोरानं उत्तरात काही ठोकून दिलं की पुरावा. मंगळवेढ्याची एसटी उशिरा आली म्हणून कारकून उशिरा आला की पुरावा. माझ्या आजोबांनी अक्कलकोटात एकट्यानं दरोडेखोर पळवून लावल्याची गोष्ट मी एकदा रंगवून सांगितली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "छान. पुरावा?" त्यानंतर ती गोष्ट मी स्टाफरूममध्ये कधी सांगितली नाही. प्राचार्य संमेलनात म्हणाले की आपलं कॉलेज जिल्ह्यात नंबर एकचं आहे, तेव्हाही माझ्या कानाशी तोच शब्द आला. हसू दाबताना मला ठसका लागला होता.

या बाईंच्या घरात एकच वस्तू अशी होती की जिला हा प्रश्न लागू नव्हता. ती म्हणजे ती पेटी.

पेटी दिसायला देखणी होती यात वाद नाही. काळंभोर अंग, त्यावर सोनेरी रंगात एक पूल, एक वाकडं झाड, छत्री घेतलेली दोन माणसं आणि जरा जास्तच लांब पायांचा एक पक्षी. बाईंचे वडील, अण्णा, पूर्वी एका गिरणीच्या मॅनेजरच्या बंगल्यात माळी होते. मॅनेजरचं कुटुंब बंगला सोडून गेलं, तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये ही पेटी मावली नाही, म्हणून मॅनेजरीणबाईंनी ती अण्णांना दिली. देताना सांगितलं की ही जपानची आहे, फार जुनी आहे, आधीच्या गोऱ्या साहेबानं विलायतेहून येताना आणली होती. अण्णांनी ती हातगाडीवर घालून वस्तीत आणली. विमलनं, म्हणजे बनसोडे मॅडमनी, आईच्या वाकळा ठेवलेली ती पेटी लहानपणापासून पाहिली आणि जपान हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते पेटीमुळेच. पुढे इतिहास घेतला, एम.ए. केलं आणि जपानचा युरोपशी चाललेला जुना व्यापार हा आपला अभ्यासाचा विषय केला. सोलापुरात बसून हा विषय घेणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. बौद्ध म्हणून त्यांना जपानची ओढ असेल, असं लोक परस्पर ठरवून टाकत. त्याचा त्यांना राग येई. "धम्म आमच्याकडनं तिकडं गेला," त्या म्हणत. "पेटी तिकडनं आमच्याकडं आली. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत की."

पाण्याच्या वाटीचं कारण त्यांनी पहिल्याच भेटीत मला समजावून सांगितलं. जपानात एका झाडाला चिरा देऊन चीक काढतात. तो लाकडावर पातळ थरांनी चढवतात, आणि प्रत्येक थर वाळायला दमट खोली लागते. "ओलीशिवाय वाळत नाही, असलं अजब आहे ते. कोरड्या हवेत आतलं लाकूड आखडतं आणि वरचा थर तडकतो. आता सांगा, असली वस्तू सोलापूरच्या हवेत कशी जगायची? म्हणून वाटी. वैशाखात वरनं ओलं फडकं." हे सगळं त्यांनी पुस्तकात वाचलेलं होतं आणि त्यात चूक काहीच नव्हतं. खऱ्या जपानी कामाला कोरडी हवा मानवत नाही, हे मीही नंतर वाचलं.

माझ्या प्रयोगशाळेतली वीज गेली म्हणून एकदा मी त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसलो होतो. त्या दिवशी हाच विषय चालला होता. पोर्तुगीज जपानात पोचले, त्यांनी तिथल्या कारागिरांना सांगितलं की आम्हाला अशा गोल झाकणाच्या पेट्या करून द्या. त्या गोव्यावरून लिस्बनला जायच्या. पुढे जपान्यांनी पोर्तुगीजांना हाकललं आणि डचांना नागासाकीच्या बंदरातल्या एका टीचभर बेटावर बसवलं. मग डच मोठमोठी कपाटं न्यायला लागले. जपानी माणूस जमिनीवर बसणारा, त्याच्या घरात असलं कपाट नव्हतंच. एवढं सांगून बाईंनी एका मुलाला उठवलं. तो साखर पेठेतल्या विणकराच्या घरातला होता.

"तुझे काका काय विणतात?"

"टॉवेल, मॅडम. आता अंघोळीचे गाऊन पण. एक्स्पोर्टचे."

"तो गाऊन कुणी घातलेला काकांनी बघितलाय?"

"नाही मॅडम. त्यांना वाटतंय थंडीत घालायचं काहीतरी असेल. टोपी आहे ना त्याला."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "तो जपानी कारागीर असाच होता. कपाट कुठं उभं राहणार, त्यात कोण काय ठेवणार, त्याला ठाऊक नव्हतं. नमुना आला, त्यानं जीव लावून करून दिलं. तिकडं श्रीमंतांनी त्याला सोनेरी पाय लावले. नंतरच्यांनी तर करवतीनं कापून त्याच्या फळ्या स्वतःच्या टेबलांना चिकटवल्या." मग त्यांनी एका वाक्यात सांगितलं की माल पुरेना म्हणून युरोपात नकलाही निघाल्या, आणि त्या पुढच्या मुद्द्याकडे गेल्या. त्या एका वाक्यावर त्या कधीच रेंगाळल्या नाहीत. मी मात्र रेंगाळलो. माझा धंदाच तसा आहे.

कारण पेटीच्या झाकणावर एक पांढुरका डाग होता. छत्रीवाल्या माणसांच्या डोक्यावर ढग उतरावा तसा तो दरवर्षी थोडा पसरत होता. बाई म्हणत, पेटीचं वय झालं, केस पांढरे व्हायला लागले. माझ्या घरी जेवणाचं टेबल आहे, लाखेच्या पॉलिशचं. त्याच्यावर कुणी गरम कप किंवा ओला तांब्या ठेवला की अस्साच पांढरा डाग पडतो आणि मला घरात बोलणी बसतात. मी हे बाईंना सांगितलं.

"ते तुमच्या टेबलाचं," त्या म्हणाल्या. "जपानी काम उन्हानं पण फिकं पडतं."

"पेटीवर ऊन येतच नाही."

"सायबाच्या बंगल्यात येत असेल."

त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. पक्ष्याचे पाय चुकलेत म्हटलं तर युरोपच्या आवडीनं काढलेत. पूल कुठूनच सुरू होत नाही आणि कुठंच पोचत नाही म्हटलं तर तेही युरोपच्या आवडीनं. शेवटी मी सरळ म्हणालो, "मॅडम, एक थेंब स्पिरिट. पेटीच्या तळाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी. खरी जपानी असेल तर स्पिरिट तिचं काही वाकडं करत नाही. लाख असेल तर विरघळते आणि कापसाला लागते. मिनिटाचं काम आहे."

"आणि मग?"

"मग काय? पुरावा."

त्यांनी पेटीवरचं फडकं नीट केलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "अण्णांनी जन्मभर एकच गोष्ट छाती पुढं काढून सांगितली, सर. ती मी तुमच्या स्पिरिटमध्ये बुडवून बघू?"

अण्णांना मी ओळखत होतो. पेटीला पाणी द्यायचं काम खरं तर त्यांचंच. मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी ते वळसंगला नातलगाकडे गेले होते म्हणून वाटी बाईंच्या हातात होती, एवढंच. लेकीनं एकदा कारण समजावून सांगितलं आणि म्हाताऱ्यानं ते काम अंगावर घेतलं ते घेतलंच. उभ्या जन्मात झाडांना पाणी दिलेला माणूस तो. हात थरथरायचे, वाटी हिंदकळायची, चार थेंब झाकणावर सांडायचे. ते धोतराच्या सोग्यानं टिपता टिपता आणखी पसरायचे. "अण्णा, सांडलं बघा," बाई आतून म्हणायच्या. "सांडू दे की. पानीच हाय, त्याल न्हाय," असं म्हणून अण्णा माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचे.

एकदा त्यांनी मला विचारलं, "तुमी सायन्सचे न्हवं? मग सांगा, जपान कितीक लांब हाय हितनं?"

"लई लांब, अण्णा."

"मुंबैपेक्षा?"

"मुंबई काहीच नाही त्याच्यापुढं."

म्हातारा पेटीकडे वळला. "एवढ्या लांबनं आली," तो म्हणाला, "आन सायबाकडं न्हाई ऱ्हायली. माज्याकडं ऱ्हायली." वस्तीत कुणाचं लग्न निघालं की नवरीचा शालू आदल्या दिवशी या पेटीत ठेवायची पद्धतच पडली होती, असं बाईंनी मला नंतर सांगितलं. माळ्याच्या घरात जपानची पेटी आहे, ही गोष्ट त्या वस्तीत लहान नव्हती. त्यानंतर मी स्पिरिटचं नाव काढलं नाही. अण्णा गेले, तरी काढलं नाही. वाटी पुन्हा बाईंच्या हातात आली.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. सात रस्त्याजवळच्या त्यांच्या घरी माझी महिन्यातून एखादी चक्कर व्हायची. अशातच कॉलेजच्या इतिहास विभागानं शहरातल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं आणि पेटी मागितली. बाईंना मनापासून आनंद झाला. माहितीचं कार्ड लिहायला म्हणून काही विद्यार्थी घरी आले. मीही त्या दिवशी तिथंच होतो. त्यांच्यात श्रावणी नावाची एक मुलगी होती, तेलुगू विणकरांच्या घरातली, शांत, नीटनेटकी. बाईंनी पाऊण तास नागासाकी, गोवा, लिस्बन सगळं सांगितलं. श्रावणीनं सगळं ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण उघडून म्हणाली, "मॅडम, कार्डावर 'जपान, निर्यातीसाठी केलेली पेटी' असं लिहिते. खाली पुरावा म्हणून काय लिहू?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. आमच्या कॉलेजात तशी कार्डं लिहायची पद्धतच होती, आणि ती पद्धत बाईंनीच घालून दिली होती. श्रावणी त्यांची विद्यार्थिनी नव्हती, त्यांच्या विद्यार्थ्याची विद्यार्थिनी होती. प्रश्न हातोहात फिरून मालकिणीच्या घरी आला होता. मी पंख्याकडे बघत बसलो. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

"तेवढी ओळ मोकळी ठेव," त्या म्हणाल्या. "सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "बिराजदार सर, तुमची बाटली घेऊन या."

मी गेलो तेव्हा त्यांनी पेटी रिकामी केलेली होती. वाकळा पलंगावर रचल्या होत्या, जमिनीवर जुने पेपर अंथरले होते. आम्ही दोघांनी पेटी आडवी केली. मी कापसाचा बोळा भिजवला, तर म्हणाल्या, "द्या इकडं. माझी पेटी आहे." तळाच्या कोपऱ्यात त्यांनी बोळा दाबून धरला, सावकाश फिरवला आणि उचलला. कापूस काळपट तपकिरी झाला होता.

"दुसरा द्या."

दुसरा त्यांनी मागच्या बाजूला फिरवला. तोही तसाच निघाला. त्यांनी तो नाकाशी नेऊन हुंगला, मला दिला आणि जमिनीवर बसून राहिल्या. मला वाईट वाटत होतं. इतकी वर्षं मी या क्षणाची वाट बघत होतो आणि आता तो आला तर बाटलीला बूच लावून घरी निघून जावंसं वाटत होतं. मी त्यांना तसं सांगितलंही.

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या झाकणावरच्या पांढऱ्या डागावरून हात फिरवत होत्या. "म्हणजे हे पाण्यानं झालं."

"हो."

"माझ्या पाण्यानं."

"लाखेला ओल चालत नाही, मॅडम."

"आणि अण्णांच्या."

मी म्हणालो, "डाग निघेल. स्पिरिटचा हलका हात फिरवला की जातो. आत्ता करून देतो." त्या म्हणाल्या, "असू दे." मग उठल्या, पेटीतून बाहेर काढून ठेवलेली वाटी घेतली, तिच्यातलं पाणी गॅलरीतल्या कढीपत्त्याला घातलं, वाटी घासली आणि मांडणीवर इतर वाट्यांत ठेवून दिली. परत आल्या तेव्हा डोळे ओले होते. "अण्णा खोटं बोलले नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांना बाईसाहेबांनी सांगितलं, ते त्यांनी सांगितलं. विचारायचं काम माझं होतं. साऱ्या गावाला विचारत फिरले, घरात तेवढं विचारलं नाही. चहा टाकते, बसा."

मला वाटलं होतं, पेटी आता प्रदर्शनात जाणार नाही. ती गेली. कार्ड श्रावणीनंच लिहिलं : युरोपात केलेली जपानी पेटीची नक्कल. पुरावा : लाखेचं काम, स्पिरिटनं तपासलेलं. बाई पेटीशेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि येईल त्याला सांगत राहिल्या. जपानातलं ते चिकाचं झाड युरोपात नव्हतं, तेव्हा नक्कल करणाऱ्यांनी लाख धरली. लाख आपल्याकडची. पळसावर, बोरीवर किडे बसतात, त्यांच्यापासून होणारी. ती गोण्या भरभरून जहाजानं तिकडं जात होती. "म्हणजे बघा की," त्या म्हणत, "ह्या पेटीवरची लाख बहुतेक हितनंच गेली. तिकडं जाऊन जपानी झाली, आणि सायबाच्या सामानातनं परत आपल्याकडं आली." जपान्यानं न पाहिलेल्या युरोपसाठी कपाट केलं आणि युरोपातल्या सुतारानं न पाहिलेल्या जपानचा पूल काढला, हे सांगताना त्यांना खरोखर मजा वाटत होती. एकानं विचारलं, मग हा पांढरा डाग कसला? "आम्ही पाणी दिलं तिला," बाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षं. चुकीचं दिलं." असं चारचौघांत सांगायला मला जमलं नसतं.

मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. हृदयाचं दुखणं होतं, फार दिवस पडून राहावं लागलं नाही. पेटी आता त्यांच्या भाच्याकडे आहे. त्याची बायको ज्योती सगळं टापटीप ठेवणारी, तिनं वाकळा धुऊन पुन्हा आत ठेवल्या आहेत. परवा मी गेलो तेव्हा चहा देता देता तिनं विचारलं, "सर, तुम्ही केमिस्ट्रीचे ना? हा डाग निघतो का हो?"

"निघतो. स्पिरिटचा हात फिरवला की लगेच जातो."

"हे आत्यांना माहीत होतं?"

"मीच सांगितलं होतं. पेटी तपासली त्याच दिवशी."

ज्योतीनं डागावर बोट टेकवलं. "मी शेवटी शेवटी त्यांना म्हटलं होतं, पॉलिशवाल्याला बोलावू का, नवीसारखी करून देईल. तर नको म्हणाल्या. म्हणाल्या, असू दे गं. अण्णा रोज पाणी द्यायचे तिला, त्याचा एवढाच पुरावा आहे माझ्याकडं."

मी कप पेटीवर टेकवायच्या बेतात होतो. तो खाली फरशीवर ठेवला.